ठकूचं पोट

३ मार्च

ताईंना नमस्कार.

माझं अक्षर ओळखून तुम्ही पाकीट न फोडताच ठेवून द्याल असं वाटलं, म्हणून वरचा पत्ता ठकूकडून लिहून घेतला. फसवलं म्हणा. फोन केला असता, पण तुम्ही उचलला नसतात, आणि उचलला असतात तर मला बोलता आलं नसतं. चार वर्षं झाली.

ठकूच्या पाठीचं ऑपरेशन झालं, गेल्या महिन्याच्या अठराला. तिच्या कण्याला बाक होता हे तुम्हाला माहीत आहे. तिची आई असताना तो थोडासाच होता, नंतर वाढत गेला. डावा खांदा खाली, उजवीकडची बरगडी बाहेर. फ्रॉक शिवताना मी डाव्या खांद्यात कापसाची गादी घालायचो आणि एका बाजूचा घेर दीड बोट जास्त कापायचो, म्हणजे अंगावर सरळ दिसावा. शाळेत दोन वर्षं कुणाला कळलं नाही. मी आपला स्वतःवर खूष. मग डॉक्टर म्हणाले, मास्तर, कपड्याने झाकायचे दिवस संपले, बाक आता फुप्फुसाला दाबतोय.

आता पाठीत दोन सळ्या आणि अठरा स्क्रू आहेत. पाठ सरळ झाली. पोर एका दिवसात दोन इंच उंच झाली, मी टेपने मोजली. जुने सगळे फ्रॉक आता वाकडे दिसतात.

पण पोट काही चालत नाही. खाणं नको म्हणते, पोट गच्च होतं, मळमळतं. घरी सोडताना दवाखान्याने कागद दिला, त्यात लिहिलंय: हलका आहार, भरपूर पाणी, पचन हळूहळू पूर्ववत होईल. हलका म्हणजे काय ताई? हळूहळू म्हणजे किती दिवस? मला कापड कळतं, पोट कळत नाही. तुम्ही बावीस वर्षं मुलांच्या वॉर्डात काढलीत. दोन ओळी लिहा. माझ्यासाठी नको, पोरीसाठी.

तुमच्या धाकट्या बहिणीचा नवरा

*

९ मार्च

मास्तर,

पाकीट फोडलं. ठकूचं अक्षर तिच्या आईसारखं झालंय, सगळे काने उजवीकडे कललेले.

मी आता मुलांच्या वॉर्डात नाही. चार वर्षांपूर्वीच बदली मागून घेतली. दवाखान्याच्या धुलाईखोलीत असते. चादरी मोजते, फाटलेल्या बाजूला काढते. त्यामुळे सल्ला देणारी मी कोण? पोटाबद्दल तर नाहीच नाही. मागच्या वेळी लांबून पोटाचा सल्ला दिला, त्याचं काय झालं ते तुम्हीच जिन्यात चारचौघांसमोर ऐकवलं होतंत. "तुमच्या गॅसने माझी बायको नेली." मी शब्द विसरलेले नाही. तुमच्याकडे डॉक्टर आहेत, त्यांना विचारा.

इथपर्यंत लिहून सही केली होती. मग पोर उपाशी आहे हे आठवलं आणि सही खोडली.

ऑपरेशनची भूल आणि नंतरची दुखण्यावरची औषधं, दोन्ही आतड्यांना झोपवतात. ती एका दिवसात उठत नाहीत, दोन-तीन आठवडे कुरकुरतात. ताट भरून तीनदा वाढू नका, वाटीभर असं सहादा द्या. सूप, मऊ भात, पपई, भिजवलेले मनुके. पाणी घोटाघोटाने, दर तासाला. घरातल्या घरात चालवा, चालण्याने आतडी जागी होतात. शौचाला बसताना पायाखाली पाट द्या आणि कुंथू देऊ नका. शौच मऊ करणारं औषध दिलं असेल, ते चुकवू नका. आणि पोट फुगून टणक झालं, उलटी हिरवी झाली, तर मला पत्र लिहीत बसू नका, दवाखाना गाठा. या शेवटच्या वाक्याखाली मी दोन रेघा मारल्यात. पुन्हा कुणी म्हणायला नको, की सांगितलं नव्हतं.

ठकूची मावशी

*

१५ मार्च

ताईंना नमस्कार.

तुमचं पत्र मापांच्या वहीत ठेवलंय, रोज वाचतो. शिलाईयंत्राच्या लाकडी खोक्याचा पाट केला, कडा घासून गुळगुळीत केल्या. सहा वाट्या ठरलेल्या वेळी देतो. सूप मीच करतो. पहिल्या दिवशी मीठ विसरलो, दुसऱ्या दिवशी दोनदा घातलं, आता बरं जमतं. वाटी चाटूनपुसून परत येते.

रोज सकाळी विचारतो, "ठकू, झालं का?" ती म्हणते, "झालं." दुकानातल्या बारा पावलांच्या दहा फेऱ्या मारते. वजन मात्र दिसत नाही अंगावर. पण येईल, नाही का? तुमच्या दोन ओळींनी मोठा आधार झाला.

मास्तर

*

१६ मार्च

मावशी,

तू मला ओळखशील का माहीत नाही, मी आता तेरा वर्षांची आहे. तुझं पत्र मी वहीतून काढून वाचलं. बाबांना माहीत नाही. हे पत्र शेजारच्या इस्त्रीवाल्या काकू टाकणार आहेत, उत्तरही त्यांच्याच पत्त्यावर पाठव.

मी खोटं बोलते. मला आठ दिवस झालेलं नाही. आमचा संडास दुकानाच्या मागे आहे आणि मधे नुसती फळी. फळीच्या पलीकडे बाक आहे, तिथे गिऱ्हाइकं बसतात. सगळं ऐकू जातं. आणि बाबा यंत्रावरूनच ओरडून विचारतात, झालं का? परवा कोटाचं माप देणारे एक आजोबा हात वर करून उभे होते, तेही म्हणाले, "झालं का गं बाळा?" मला पाठीतल्या सळ्यांसकट जमिनीत जावंसं वाटलं.

म्हणून मी असं ठरवलं, की खाल्लंच नाही तर व्हायला नको. भात मी कापडाच्या चिंध्यांच्या पिशवीत टाकते. सूप खिडकीतून. औषधही. बाबा वाटी रिकामी बघून इतके खूष होतात की मला रडू येतं. ते समोर बसले तर दोन चमचे खाते, तेवढ्यानेही पोट भरतं.

एक विचारायचं होतं. माझं पोट आईसारखं आहे का? बाबांना विचारता येत नाही. पोटात दुखतं म्हटलं की ते पांढरे पडतात.

ठकू

*

१९ मार्च

ठकूबाई,

तू पाळण्यात होतीस तेव्हा माझ्या युनिफॉर्मवर तीनदा शी केली होतीस, आणि तेव्हा तुला काडीची लाज वाटली नव्हती. तेव्हा ओळखायचं विचारू नकोस.

माझ्या वॉर्डात मी दिवसाला तीस मुलांना हाच प्रश्न विचारायचे. ऑपरेशन झालेलं मूल पहिल्यांदा पादलं, की आम्ही सगळ्या टाळ्या वाजवायचो. खरंच. कारण त्याचा अर्थ आत गाडी सुरू झाली. यात लाजण्यासारखं काही नाही, पण लाज वाटते हेही खरं आहे, आणि ती फळी पातळ आहे हा तुझा दोष नाही. बाबांना सांग, दुपारी दुकान बंद असतं त्या वेळी बसेन, आणि मोठ्याने विचारू नका. ते माणूस वाईट नाही. त्यांना कळत नाही एवढंच.

उपाशी राहून आतडी आणखी झोपतात. खा, औषध घे, चाल.

तुझं पोट तुझं आहे. आईचं अपेंडिक्स सुजलं आणि फुटलं. ते आईकडून मुलीकडे येत नाही. या एका गोष्टीची मी खात्री देते.

रविवारपर्यंत बाबांना सगळं सांग. नाहीतर मी सांगेन. माझी गंमत बघ, स्वतः चार वर्षं त्यांच्याशी बोलले नाही आणि तुला सांगते बोल म्हणून.

मावशी

*

२३ मार्च

मावशी,

रविवार गेला. सांगितलं नाही. बाबांकडे बँडपथकाचे चौदा कोट आलेत, सोनेरी काठाचे, आणि ते कितीतरी दिवसांनी गुणगुणत होते.

तू म्हणालीस म्हणून औषध घेतलं, दुपारी बसले, थोडं झालं. मग खरंच खायला लागले. पण आता खाल्लं की वरच्या पोटात दाटतं आणि उलटी होते. गुडघे पोटाशी घेऊन डाव्या कुशीवर झोपलं की जरा बरं वाटतं. काल दोनदा उलटी झाली. दोन्ही हिरव्या. मी स्वतःच पुसून काढलं.

तू दोन रेघा मारून काय लिहिलं होतंस ते मला माहीत आहे. तरी आधी तुला लिहिते. तू काही नाही म्हणालीस तर काही नसेल.

ठकू

*

४ एप्रिल

ताईंना नमस्कार.

त्या दुपारी फोनवर तुमचा आवाज आला आणि मला आधी वाटलं, शिव्या देणार. तुम्ही नाव नाही, गाव नाही, एकदम म्हणालात, "मास्तर, यंत्र थांबवा. हातातलं खाली ठेवा. पोरीला उचला आणि दवाखान्यात न्या, आत्ता. कपडे बदलत बसू नका." मी अर्ध्या शिलाईत उठलो. कोटाची बाही तशीच सुईखाली राहिली.

गेल्या नऊ दिवसांतलं सांगतो. डॉक्टरांनी चित्र काढून समजावलं. पाठ एकदम सरळ झाली, पोर ताणली गेली. पोटात एक मोठी रक्तवाहिनी असते, तिच्या खालून आतडं जातं. मधे चरबीची गादी असते. ठकू आधीच बारीक, त्यात तीन आठवडे उपाशी. ती गादी झिजली आणि रक्तवाहिनीने आतडं चिमटीत धरलं. खाल्लेलं पुढे जाईना. अंगातलं पाणी संपत आलं होतं, नाडी हाताला लागत नव्हती. डॉक्टर म्हणाले, आणखी दोन दिवस गेले असते तर आम्ही काही सांगू शकलो नसतो.

आता नाकातून बारीक नळी घातलीय, ती चिमटीच्या पुढे आतड्यात जाते. त्यातून अन्न थेंबाथेंबाने सोडतात. वजन भरलं की गादी भरेल आणि वाट मोकळी होईल. पुन्हा कापाकापी नाही. आज एकतीस किलो भरली.

परवा कपडे न्यायला घरी गेलो. चिंध्यांची पिशवी उचलली तर जड लागली. आत वाळलेला भात, किती वाट्यांचा कोण जाणे. मी रोज ती पिशवी पायाने सरकवत होतो, ताई. रिकाम्या वाट्या बघून मान डोलवत होतो. एका बापाला आणखी काय दिसायला हवं होतं?

आणखी एक लिहिलं होतं. ते पान फाडलं. जमलं नाही.

मास्तर

*

१० एप्रिल

मास्तर,

पोर हाती लागली. पुरे. स्वतःला बडवून घेऊ नका, तिने माझ्यापासून लपवलं नाही तरी मी तिला रविवारपर्यंत मुदत देत बसले होते. बावीस वर्षांची नर्स.

तुम्ही फाडलेल्या पानावरून मला धीर आला, म्हणून मीच एक लिहिते. ठकूचं पत्र आलं तेव्हा मी फोनपाशी पंधरा मिनिटं नुसती उभी होते. नंबर फिरवता येईना. मी काही सांगेन आणि ते पुन्हा चुकेल, एवढंच डोक्यात.

त्या दिवशी सकाळी माझ्या बहिणीने फोन केला. पोटात दुखतंय म्हणाली. मी म्हटलं गॅस असेल, पडून राहा, काही खाऊ नकोस. एवढं मला स्वच्छ आठवतं. त्यापुढे "वाढलं तर थांबू नकोस, लगेच दवाखान्यात जा" असं मी म्हणाले की नाही? प्रत्येक आईला मी हे म्हणत आले. झोपेतसुद्धा म्हणेन. मग तिलाच म्हटलं नसेल? सुरुवातीला मला खात्री होती. तुम्ही जिन्यात बोललात आणि ती खात्री गेली. पुढे पुढे तर मला ऐकू यायला लागलं, की मी म्हणालेच नाही, घाईत फोन ठेवला. वॉर्डात एखाद्या मुलाच्या पोटावर हात ठेवला की हात तिथेच थांबायचा, पुढे काय करायचं ते सुचायचं नाही. एकदा एक मूल माझ्याकडे बघत राहिलं. दुसऱ्या दिवशी बदलीचा अर्ज दिला.

हे कुणाला सांगितलेलं नाही. तुम्हाला का सांगते ते कळत नाही.

नळी काढल्यावर घाई करू नका. आधी दाट पेज, खीर, थोडी थोडी, साय-लोणी घालून. खाल्ल्यावर अर्धा तास डाव्या कुशीवर झोपवा. वजन हेच तिचं औषध. दर आठवड्याला कळवा.

ठकूची मावशी

*

२८ एप्रिल

ताईंना नमस्कार.

नळी निघाली. चौतीस किलो. परवा घरी आणली. बाक मी दुकानाबाहेर हलवलाय आणि फळीला आतून जाड कांबळं ठोकलंय. काल सकाळी तीन गिऱ्हाइकं असताना ठकू आतून ओरडली, "बाबा, झालं!" कांबळ्यातूनही स्पष्ट ऐकू आलं. मी यंत्र सोडून टाळ्या वाजवल्या. गिऱ्हाइकांना वाटलं मास्तर बिघडले. बाहेर आली तर लाजेने लाल, पण हसत होती. म्हणाली, मावशीच्या वॉर्डात वाजवतात.

आता ते पान.

तुम्ही म्हणाला होतात, ताई. "वाढलं तर थांबू नकोस, लगेच दवाखान्यात जा." तिने मला शब्दन् शब्द सांगितलं होतं. दुपारी दोनला ती दुकानात आली, दाराला धरून उभी राहिली आणि म्हणाली, "अहो, वाढलंय. ताई म्हणाली थांबू नको." माझ्यासमोर शाळेचे साठ गणवेश होते, दुसऱ्या दिवशी सकाळी द्यायचे. मी मानसुद्धा वर केली नाही. म्हटलं, "सात-आठ राहिलेत, एवढे आवरतो आणि निघू." ती म्हणाली, "बरं." आत जाऊन पडली. मी आवरलं तेव्हा सव्वापाच झाले होते. आत गेलो तर ती बोलत नव्हती.

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, एवढा उशीर का केला? मी म्हटलं, तिची बहीण नर्स आहे, ती गॅस म्हणाली. तोंडातून निघून गेलं. मग चौथ्या दिवशी ती गेली, आणि तुम्ही जिन्यात भेटलात, आणि तेव्हा ते खोटं मला इतकं खरं वाटायला लागलं होतं की मी ओरडून सांगितलं. नंतर रोज वाटायचं, लिहावं. एक दिवस गेला की दुसऱ्या दिवशी ते आणखी अवघड व्हायचं. तुम्ही वॉर्ड सोडलात हे मला माहीत नव्हतं. पण माहीत असतं तर लिहिलं असतं का, हे मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही.

तुमचा फोन आला तेव्हा मी बाही अर्धी टाकून उठलो, त्यात माझं कौतुक काही नाही. चार वर्षं उशिरा उठलो.

माफी मागायला तोंड नाही. तुम्हाला खरं ठाऊक असावं, म्हणून लिहिलं.

मास्तर

*

२५ मे

मावशी,

तू आता मलाही लिहीत नाहीस. मी दोन पत्रं टाकली. छत्तीस किलो झाले. उकडलेले दोन बटाटे लोणी लावून एका वेळी खाते आणि डाव्या कुशीवर पडून गोष्टीचं पुस्तक वाचते.

पोस्टमनची सायकल दिसली की बाबा यंत्र थांबवतात. तो पुढे गेला की पुन्हा सुरू करतात. परवा मी विचारलं, मावशी रागावली का? ते म्हणाले, "तिला रागवायचा हक्क आहे." मी म्हटलं, माझ्यामुळे? तर त्यांनी मला जवळ घेतलं, आणि मग खूप वेळ सोडलंच नाही. माझी पाठ दुखायला लागली तरी मी सांगितलं नाही.

माझ्यामुळे असेल तर सांग.

ठकू

*

९ जून

मास्तर,

तुमचं पत्र आल्याला सहा आठवडे होत आले. वाचलं, घडी घातली, कामावर गेले. दोनशे चादरी मोजायच्या होत्या, तीनदा मोजल्या, तीनदा वेगळा आकडा आला. शेवटी ढिगावर बसून राहिले.

पहिल्यांदा हलकं वाटलं. मी म्हणाले होते. इतकंच घोकत राहिले, मी म्हणाले होते. दुसऱ्या दिवशी राग आला, तो अजून उतरलेला नाही. वॉर्ड गेला त्याचं एवढं नाही. पण बहीण गेली आणि तुम्ही मला तिच्यासाठी धड रडूही दिलं नाहीत. चार वर्षं मी तिची आठवण काढायला बसले की स्वतःचीच उलटतपासणी सुरू व्हायची. तिचं हसणं, तिचं भांडणं, काही आठवायचं नाही, फक्त तो फोन. या महिन्यात पहिल्यांदा मी तिच्यासाठी रडले. फक्त तिच्यासाठी.

तुम्ही विचारलेलं नाही, पण रोज मनात विचारत असाल, म्हणून सांगते. दोनला निघाला असतात तर ती वाचली असती का? मला माहीत नाही. कदाचित हो. कदाचित आधीच फुटलं होतं. हे तुम्हाला बरं वाटावं म्हणून लिहीत नाही, आणि वाईट वाटावं म्हणूनही नाही. खरं तेवढंच आहे.

माफीबद्दल काही लिहिणार नाही. ती माझ्यापाशी आज नाही. पुढे असेल की नाही, तेही ठाऊक नाही.

मुलांच्या वॉर्डातल्या मोठ्या बाईंनी विचारलंय, परत येता का. अजून हो म्हटलेलं नाही.

ठकूला सांगा, ती कुठल्याच गोष्टीचं कारण नाही. तिला वेगळं पत्र लिहिलंय, पण तुमच्याही तोंडून सांगा. आणि सुट्टी संपायच्या आत तिला माझ्याकडे घेऊन या. गाडीत दर तासाला उठवून चालवा. बरोबर पाणी आणि मऊ काहीतरी खायला ठेवा, उपाशी बसवू नका.

तिला दारात सोडून तुम्ही तिथूनच परत फिरावं असं मला अजूनही वाटतं. पण एवढा प्रवास करून आलेलं माणूस तसंच जाऊ नये. जेवून जा. आपण काय बोलायचं ते मला माहीत नाही, बोललो नाही तरी चालेल. ठकूला मी वाढेन. तुमचं तुम्ही वाढून घ्या.

ताई